तुझं नाव आहे की यादीत

एकतीस गुण एकटीनं करायचे, आणि वर ऐकून घ्यायचं की सामना हरलो तो तुझ्यामुळं. काव्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. बार्शीहून निघालेली एसटी वैरागच्या पुढं आली तरी ते वाक्य तिच्या कानातून जाईना.

कोच सोनाली मॅडमनी चारचौघांत ओरडून सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. ओरडणाऱ्यावर उलट ओरडता तरी येतं. पण मॅडम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. काव्या पाण्याची बाटली घ्यायला पुढं गेली, तेव्हा मान वर न करता त्या म्हणाल्या, "आज हरलो ते तुझ्यामुळं, काव्या. घरी जाऊन विचार कर." आणि पुढची शेंग फोडली.

विचार कसला करायचा? बास्केटबॉलचा जिल्ह्याचा अंतिम सामना, समोर बार्शीचा तगडा संघ, आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेच्या पोरींनी मिळून केले अठ्ठावन्न. त्यातले एकतीस काव्याचे, उरलेले सत्तावीस बाकीच्या सगळ्यांचे. बार्शीचे एकोणसाठ. शेवटचे नऊ सेकंद उरले होते. बॉल काव्याकडं होता आणि तिच्या अंगावर तिघीजणी होत्या. तिघींच्या मधून उडी मारून तिनं बॉल टाकला. तो रिंगवर आपटला, काठावरून फिरला आणि बाहेर पडला. एवढंच. असा बॉल दहा वेळा आत जातो, एकदा जात नाही. त्यात तिची चूक ती काय?

घरी आल्यावर तिनं बॅग आदळली. काशम्मा, तिची आई, स्वयंपाकघरात कडक भाकऱ्यांची चळत कापडात बांधत होती. शंकरप्पांचं, म्हणजे वडिलांचं, पेठेतच कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान होतं, आणि लेकीच्या खेळाची बातमी तिथल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला फुकट मिळत असे.

"एकतीस?" शंकरप्पा खुर्चीतून उठलेच. "एकटीनं? आणि वर ती मॅडम असं बोलली?"

"सगळ्यांसमोर, अप्पा. बसमध्ये," काव्यानं तिखटमीठ लावलं.

"तिला काय कळतंय? बाकीच्या पोरी काय झाडू मारायला होत्या का मैदानावर? उद्या येतो मी. विचारतो की."

"साकु," काशम्मा म्हणाली. तिचं 'पुरे' नेहमी कानडीतच यायचं आणि त्यापुढं घरात कुणी बोलत नसे. "तुम्ही दुकान बघा. तिचं ती बघंल."

काव्यानं बघितलं ते असं, की तीन दिवस सरावाला गेलीच नाही. चौथ्या दिवशी गेली, तर मैत्रीचा सामना होता आणि मॅडमनी तिला बाकावर बसवलं. पहिला क्वार्टर बसवलं, दुसराही बसवलं. ज्या पोरीला बघायला दुसऱ्या तालुक्यातून माणसं यायची, तिनं टॉवेल मांडीवर घेऊन बसायचं! दुसरा क्वार्टर संपायच्या आत काव्या उठली, बूटसुद्धा न बदलता गेटमधून बाहेर पडली. कुणी हाक मारली नाही. त्याचाही तिला राग आला.

त्याच संध्याकाळी जिल्हा संघटनेचे सेक्रेटरी युवराज सर यांचा फोन आला. "ऐकलं मी," ते म्हणाले. "तू मनावर घेऊ नकोस. स्टारला सांभाळायची अक्कल सगळ्यांना नसते. राज्य स्पर्धेच्या संघात कॅप्टन तूच, हे लिहून ठेव." काव्याला बरं वाटलं. कुणाला तरी कळत होतं.

त्या बरं वाटण्याच्या भरात तिनं आपल्या खेळाचं रील करायला घेतलं. अंतिम सामन्याचा अख्खा व्हिडिओ कुणाच्या तरी मामानं काढून ग्रुपवर टाकला होता. भर दुपारी, पंख्याखाली पालथी पडून, तिनं त्यातून आपले बास्केट कापायला सुरुवात केली. बारा बास्केट होते. चार गुण फ्री थ्रोचे, ते कुणी बघत नाही.

पहिला बास्केट. ती उजवीकडून सुटते, लेअप, आत. झकास. पण कापायचं कुठून? थोडं मागून घ्यावं म्हणून तिनं बोट मागं सरकवलं. तिला धरून असणारी बार्शीची उंच पोरगी मध्येच अडकून पडली होती, म्हणून ती सुटली होती. कशात अडकली? अंकितात. अंकिता तिच्या वाटेत दोन्ही पाय रोवून उभी होती. बार्शीच्या पोरीचं कोपर तिच्या बरगडीत बसलं होतं आणि ती तशीच उभी होती.

दुसऱ्या बास्केटला बॉल बाहेर चालला होता. अंकितानं जमिनीवर आडवी उडी घेऊन तो आत ढकलला. तो काव्याच्या हातात आला. काव्यानं थ्री मारला आणि दोन्ही हात वर करून मैदानभर पळाली. मागं अंकिता गुडघा चोळत उठत होती. तिसऱ्याला पास अंकिताचा. चौथ्याला अंकिताचा. पाचवा काव्यानं एकटीनं केला होता, तो बघून तिला हायसं वाटलं. बारापैकी नऊ बास्केट अंकितापासून सुरू होत होते. काव्या रील कापायची विसरली आणि मोजत बसली.

अंकिता करमाळ्याकडची. वडील सोलापुरात एका गोदामावर कामाला लागले तेव्हा दहावीत इथं आलेली. बोलणं गावाकडचं, खेळ न दिसणारा. त्या सामन्यात तिच्या नावावर किती गुण? चार. कारण स्कोअरशीटवर बॉल टाकणारीचं नाव लिहितात, देणारीचं लिहायला तिथं जागाच नसते.

मग शेवटचे नऊ सेकंद आले. काव्याला ते बघायचे नव्हते, तरी तिनं बघितले. तिघी तिच्या अंगावर. आणि बास्केटच्या खाली, आसपास चार हात कुणी नाही, अशी अंकिता उभी. दोन्ही हात वर. तोंड उघडं. ती ओरडत होती. काय ओरडत होती हे व्हिडिओतल्या गलक्यात ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं. काव्या. काव्या. बॉल रिंगवरून बाहेर पडला, तेव्हा कॅप्टन, म्हणजे ती स्वतः, कमरेवर हात ठेवून पंचाकडं डोळे वटारून बघत होती आणि अंकिता बार्शीच्या पोरीमागं जीव तोडून धावत होती, अजून दोन सेकंद उरले होते म्हणून.

काव्यानं मोबाइल उपडा ठेवला. तिला स्वतःचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं. आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली. मॅडमनी फक्त घड्याळात बघितलं आणि म्हणाल्या, "वॉर्मअप." माफी मागायचं काव्याच्या जिभेवर आलं नाही. ती सरळ अंकितासमोर जाऊन उभी राहिली.

"बार्शीला शेवटी तू खाली मोकळी होतीस. मला दिसली नाहीस."

अंकिता बुटाची नाडी बांधत होती. "दिसत व्हते," ती म्हणाली. "तू बघितलं न्हाईस."

पुढचे दोन महिने काव्यासाठी शिक्षाच होती. मॅडमनी नियम काढला, की काव्यानं दोनपेक्षा जास्त वेळा बॉल आपटायचा नाही. हातात आला की बघायचं आणि द्यायचा. ती चिडायची. तिनं नेमका दिलेला पास कुणी सोडला, तर तिचे हात शिवशिवायचे. एकदा तिनं बॉल भिंतीवर आपटून मॅडमना विचारलं, "ह्यांना पकडता येत नसेल तर मी का द्यायचा?" मॅडम म्हणाल्या, "तू कधी दिलाच नाहीस, तर त्यांना पकडायची सवय लागणार कधी?" ती धुमसत पुन्हा रांगेत उभी राहिली.

पण हळूहळू तिला मैदान दिसायला लागलं. आधी तिला फक्त रिंग दिसायची आणि रिंगच्या आड येणाऱ्या पोरी. आता कोपऱ्यात कोण आहे, कोण दमलीय, कुणाला डाव्या हाताला बॉल नको असतो, हे न बघता कळू लागलं. पंढरपूरच्या संघाशी सामना झाला. शुक्रवार पेठ बावीस गुणांनी जिंकली आणि काव्याचे गुण झाले नऊ.

"नऊ?" शंकरप्पांचा चेहरा पडला. "ताप आला होता का गं?"

"बावीसनं जिंकलो, अप्पा."

"ते झालं गं. पण नऊ? मी गिऱ्हाइकांना काय सांगू?"

मग निवड चाचणी झाली आणि चार दिवसांनी राज्य स्पर्धेच्या जिल्हा संघाची यादी आली. बारा नावं. पहिलंच नाव काव्याचं, कंसात कर्णधार. तिनं खाली बोट नेत नेत यादी वाचली, पुन्हा वाचली. अंकिताचं नाव नव्हतं. तिच्या जागेवर खेळायला उत्कर्षा नावाची एक पोरगी होती. चाचणीच्या तीन दिवसांपैकी ती एकच दिवस आलेली. ती संघटनेच्या उपाध्यक्षांची पुतणी, हे शोधायला फार कष्ट पडले नाहीत. ग्रुपवर कुणीतरी आधीच अभिनंदन करून टाकलं होतं, काकांसकट.

काव्या तशीच सायकल काढून संघटनेच्या ऑफिसात गेली. एका व्यापारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची खोली. भिंतीवर ढाली, टेबलावर हार सुकत पडलेला. युवराज सर कुणाशी तरी फोनवर हसत होते. तिला बघून त्यांनी फोन ठेवला.

"या कॅप्टन! पेढे कुठायत?"

"सर, अंकिताचं नाव राहिलंय."

"राहिलं नाही. निवड समितीनं विचार करून यादी केलीय."

"उत्कर्षा एकच दिवस आली होती. अंकिता तिन्ही दिवस होती. पहिल्या दिवशी तर—"

"हे बघ." सरांनी एक कागद पुढं ओढला. "बार्शीचा अंतिम सामना. अंकिता, चार गुण. चार! राज्यावर काय चार गुण घेऊन जायचं?"

"सर, माझे एकतीस तिच्यामुळं झालेत."

सर हसले. वाईट हसणं नव्हतं ते, आणि म्हणूनच काव्याच्या डोक्यात तिडीक गेली. लहान पोरीचा हट्ट बघून हसावं, तसं हसले. "मोठं मन आहे तुझं. पण तुला काय त्रास आहे, सांग बघू? तुझं नाव आहे की यादीत. मग?"

सहा महिन्यांपूर्वी ती स्वतः हेच म्हणाली असती. ते आठवून तिच्या कानशिलापर्यंत आग गेली.

"मग माझंही नाव काढा," ती म्हणाली. "अंकिता नसेल तर मी येत नाही." आणि खुर्ची मागं ढकलून निघून आली.

जिने उतरताना तिची छाती भरून आली होती. मैदानावर जाऊन तिनं सगळ्यांना घडलं ते सांगितलं, शेवटचं वाक्य तर दोनदा. पोरी बघत राहिल्या. कुणीतरी टाळी वाजवली. अंकितानं हातातला बॉल खाली ठेवला.

"मला इचारलंस का?" ती म्हणाली.

"काय?"

"माझं नाव घेऊन गेलीस, माझ्यासाठी भांडलीस, माझ्यासाठी संघ सोडलास. मला इचारलंस का एकदा तरी? मी काय मुकी हाय?"

"अगं, मी तुझ्याच बाजूनं—"

"व्हय, माझ्या बाजूनं. पण मी कुटं व्हते तितं? आता गावभर काय हुईल ठावं हाय? काव्यानं केवढा त्याग केला! आणि अंकिता? ती बिचारी. मला न्हाय व्हायचं बिचारी." तिनं बॉल पायानं बाजूला ढकलला. "नाव माझं कापलंय. राग माझा हाय. तो तरी माझ्याकडं राहू दे की."

काव्या रागानं लाल झाली. चांगलं करायला जावं तर हे! तिनं मॅडमकडं बघितलं. निदान त्या तरी तिची बाजू घेतील असं तिला वाटलं होतं.

"परत एकटीनंच मारलास की गं," मॅडम म्हणाल्या.

काव्या जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली. निघून जावं असं तिला फार वाटलं, बॅग खांद्याला लावलीही होती. पण गेटपाशी जाऊन ती परत फिरली आणि पोरी गोल करून बसल्या होत्या त्यांच्यात येऊन बसली. कुणी तिला जागा करून दिली नाही. तिनं स्वतः करून घेतली.

"बरं," ती म्हणाली. "अंकिता, तू सांग. काय करायचं?"

अंकितानं गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाली, "तो व्हिडिओ हाय का तुझ्याकडं? बार्शीचा?"

दोन दिवसांनी अख्खा संघ ऑफिसात गेला. अकरा पोरी आणि मॅडम. खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. बोलायचं अंकितानं, असं ठरलं होतं, आणि काव्यानं गप्प बसायचं. एकतीस गुण करणं त्यापेक्षा सोपं होतं.

अंकितानं मोबाइल युवराज सरांच्या पुढ्यात ठेवला. "सर, ह्यात काव्याचे बारा बास्केट हायत. बास्केट बगू नका. त्याच्या आधी मी कुटं हाय, तेवढं बगा."

"अगं, आम्हाला काय खेळ कळत नाही का?"

"मग कळूनशान नाव कापलंय, असं लिहून द्या."

सरांचा चेहरा उतरला. काव्यानं जीभ दातांखाली धरली. सरांनी नियम सांगितले, यादी वर गेल्याचं सांगितलं, तुमचं करिअर, तुमचं वय, असं बरंच काही सांगितलं. प्रत्येक वेळी ते काव्याकडं बघून बोलायचे, कारण त्यांना वाटायचं की सूत्रं तिच्याकडंच असणार. आणि प्रत्येक वेळी काव्या अंकिताकडं बघायची. शेवटी सरांना अंकिताशीच बोलावं लागलं.

न्याय झाला नाही. सांगोल्याच्या एका मुलीनं परीक्षेमुळं नाव मागं घेतलं, म्हणून बाराव्या जागेवर अंकिताला घातलं, एवढंच. उत्कर्षाचं नाव जिथं होतं तिथंच राहिलं. सरांनी वर ऐकवलं, "बघा, मनापासून प्रयत्न केला तुमच्यासाठी." काव्याला ओरडावंसं वाटलं, की ही मेहेरबानी कसली, चोरीच्या मालातला तुकडा परत केल्यासारखं! पण अंकिता म्हणाली, "जाते मी. बाकावर बसीन, पण जाते. तू बी चल." म्हणून काव्याही गेली.

राज्य स्पर्धा नाशिकला होती. जिल्हा संघाबरोबर सोनाली मॅडम नव्हत्या. संघटनेनं पाठवलेले कोच होते. त्यांनी पहिल्या पाचात उत्कर्षाला घेतलं आणि अंकिता बाकाच्या टोकाला बसली. पहिला सामना जिंकायलाच हवा होता, नाहीतर पुढची फेरी नाही.

उत्कर्षा हडकुळी, लांब हातांची पोरगी होती. प्रवासात ती कुणाशी बोलली नव्हती आणि तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. सामना सुरू झाला तेव्हा ती डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि हात पुढं करून वाट बघू लागली. काव्यानं तिच्याकडं बघितलं आणि बॉल उजवीकडं दिला. दुसऱ्यांदाही तेच. बाकीच्यांनी कॅप्टनचं बघून तेच केलं. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण पाच मिनिटांत सगळ्या मैदानाला कळलं, की सोलापूरच्या चारच पोरी खेळतायत. समोरच्या संघालाही कळलं. त्यांनी उत्कर्षाला मोकळं सोडून दिलं आणि काव्यावर दोघी घातल्या. चौदा-सहा असा मार बसला. काव्याला मनातून वाटत होतं, बसू दे. ज्यांनी हिला इथं आणलं त्यांना कळू दे.

टाइमआउट झाला. कोच काहीतरी फळ्यावर काढत होते. अंकितानं मागून काव्याची जर्सी धरून तिला बाजूला ओढलं.

"तिला पास दे."

"तिला? तुझी जागा खाऊन बसलीय ती!"

"माझी जागा माझी मी बघून घेते. आता तितं ती मोकळी हाय. आणि तू परत बघंना झालीस."

"अंकिता, मला संताप—"

"मला न्हाय व्हय? मी हितं बसून बघतीया, मला काय गुदगुल्या हुतात?" अंकिताचे डोळे भरले होते आणि दात आवळलेले होते. "पण तुमी हरलासा, तर सर काय म्हणतील? ती अंकिता भांडून आली आणि संघ फुटला. माझ्या नावावर हरू नका. माझं नाव एकदा कापलंय, तेवढं बास झालं."

शिट्टी वाजली. काव्या मैदानात गेली. बॉल हातात आला, अंगावर दोघी धावून आल्या, आणि डाव्या कोपऱ्यात उत्कर्षा उभी होती. हात आता पुढं केलेले नव्हते. काव्यानं तिला नावानं हाक मारली, पहिल्यांदाच, आणि बॉल फेकला. उत्कर्षा इतकी दचकली, की बॉल तिच्या हातातून निसटून बाहेर गेला. प्रेक्षकांत हशा झाला. काव्यानं दात खाल्ले. पुढच्या वेळी पुन्हा तिलाच दिला. तो तिनं पकडला, मारला, आणि चुकला. तिसऱ्यांदा दिला. बॉल रिंगला न शिवता जाळीतून खाली आला.

उत्कर्षा मागं धावताना काव्याच्या जवळून गेली. "मी काकांना नको म्हटलं होतं," ती घाईघाईनं म्हणाली.

"नंतर," काव्या म्हणाली. "आता सात नंबरला धर."

कोपऱ्यातली पोरगी बॉल टाकते म्हटल्यावर काव्यावरची एक पोरगी निघून तिकडं गेली. मग काव्याला वाट मिळाली, मग इतरांना मिळाली. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी सामना बरोबरीत आला. काव्या कोचांकडं गेली. "सर, आता अंकिताला घ्या. त्यांची बॉल आणणारी गार्ड डावीकडून जातीय, तिला थांबवणं अंकितालाच जमेल." कोचांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि टॉवेलनं मान पुसली. काव्याचा राग मस्तकात गेला. ती आणखी काही बोलणार, तोच उत्कर्षा खाली बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली.

"पाय मुरगळलाय, सर," ती म्हणाली.

कोच तिच्याकडं बघत राहिले. पोरगी दोन मिनिटांपूर्वी हरणासारखी पळत होती. "कुठला पाय?"

"हा," म्हणून तिनं दाखवला, आणि थोड्या वेळानं चुकून दुसराच चोळू लागली. कोचांना ते दिसलं, पण सगळ्या बाकासमोर उपाध्यक्षांच्या पुतणीला खोटं पाडणं त्यांना झेपणारं नव्हतं.

शेवटचा क्वार्टर अंकिता खेळली. समोरच्या गार्डला तिनं डावीकडून एकदाही जाऊ दिलं नाही. सोलापूर तीन गुणांनी जिंकलं. काव्याचे गुण अकरा झाले, अंकिताचे दोन. उपांत्यपूर्व फेरीत मात्र पुण्याच्या उंच पोरींनी त्यांना सरळ सरळ हरवलं आणि त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. त्या चांगल्या खेळल्या.

सोलापुरात परतल्यावर चौथ्या दिवशी पोरी पुन्हा ऑफिसात गेल्या. ह्या वेळी जिल्हा संघाच्या बाराच्या बारा होत्या. बार्शीच्या तिघी सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. हातात अर्ज होता: पुढच्या वर्षीपासून चाचणी उघड्यावर घ्या, तारखा आधी लावा, कुणाला का घेतलं ते लिहून फळ्यावर चिकटवा. अर्ज अंकितानं लिहिला होता. खाली बारा सह्या. तिसरी सही उत्कर्षाची. त्यावरून तिच्या घरी काय झालं होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण तिचे डोळे सुजलेले होते.

युवराज सरांनी अर्ज वाचला. तिसऱ्या सहीपाशी ते थांबले. मग नेहमीच्या सवयीनं काव्याकडं वळले. "हे काय आता? एवढ्या लांब जाऊन आलात, पहिल्यांदा एक फेरी जिंकलात. कौतुक करायच्या वेळी हे काय काढलंय?"

काव्याच्या ओठांवर दहा उत्तरं होती, आणि दहाही जिव्हारी लागतील अशी. तिनं अंकिताकडं बघितलं.

"पोच द्या, सर," अंकिता म्हणाली. "शिक्का मारून."

"शिक्का आज नाही. क्लार्क रजेवर आहे."

"उद्या येईल?"

"सांगता येत नाही."

"मग आमी थांबतो."

"कुठं थांबता?"

अंकितानं दाराबाहेरचा जिना दाखवला. पोरी एकेक करून बाहेर गेल्या आणि पायऱ्यांवर बसल्या, खालपासून वरपर्यंत. येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीला चिकटून जावं लागलं. काव्या मधल्या पायरीवर बसली, एका बाजूला बार्शीची उंच पोरगी, दुसऱ्या बाजूला उत्कर्षा. संताप अजून होताच. उलट आधीपेक्षा जास्त होता. पण बारा जणींत वाटला गेल्यामुळं तो आता सोसवत होता. आईनं बांधून दिलेल्या कडक भाकऱ्यांचं फडकं तिनं सोडलं, एक मोडून घेतली आणि बाकीच्या वरच्या पायरीकडं दिल्या.

दीड तासानं युवराज सर शिक्का मारलेली पोच घेऊन दारात आले. शिक्का टेबलाच्या खणातच होता.